मीठ नंतर: हॉस्पिटलच्या किचनमधल्या सहा आठवड्यांचा रिव्ह्यू

फेब्रुवारी उजाडला की आहारशास्त्र शिकणाऱ्या ज्युनियर मुलींचे मेसेज सुरू होतात, "ताई, उन्हाळ्यात फूड सर्व्हिसची इंटर्नशिप कुठे करू?" म्हणून यंदा मी जिथे केली त्या जागेबद्दल एकदाच नीट लिहून ठेवते. मध्य मुंबईतलं एक खाजगी हॉस्पिटल, दीडशेच्या आसपास खाटा, किचन तळघरात. नाव लिहीत नाही. खाली तक्रारीही आहेत, आणि त्यांचा त्रास किचनमधल्या माणसांना व्हायला नको.

एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत सहा आठवडे, रविवार सुट्टी. सकाळी सात ते चार, एक आठवडा फक्त दुपारी बारा ते साडेआठ. मी डोंबिवलीहून जायचे, त्यामुळे घरातून सव्वापाचलाच निघावं लागायचं. स्टायपेंड नाही. उलट इंटर्नशिपची फी आपणच भरायची, आणि दुपारचं जेवण तिथलं. पुन्हा संधी मिळाली तर जाईन का? जाईन. किचनच्या कामाला मी पैकीच्या पैकी मार्क देईन, ताट खाटेपर्यंत पोचवण्याच्या व्यवस्थेला निम्मे, आणि इंटर्नला शिकवण्याच्या व्यवस्थेला त्याहून कमी.

आधी किचन. पहिल्या दिवशी मी खाली उतरले तेव्हा साडेसहा वाजले होते आणि भटारखान्यात आधीच नाकातोंडात गेल्यासारखी गरम वाफ होती. एका बाजूला भाज्या धुण्याची जागा, तिथे क्लोरीनच्या पाण्यात कोथिंबिरीच्या जुड्या बुडवलेल्या. पलीकडे भाजी चिरणाऱ्या मावशी, शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांचे बोर्ड वेगवेगळ्या रंगांचे. मग शेगड्या, आणि शेवटी लांबलचक स्टीलचा ओटा, जिथे ताटं लागतात. नळीतून द्यायच्या फीडची, म्हणजे पातळ अन्नाची, खोली वेगळी, काचेच्या दाराआड. कच्चं अन्न एका टोकाने आत येतं आणि शिजलेलं दुसऱ्या टोकाने बाहेर जातं, दोघांची वाट कुठेही एकमेकांना छेदत नाही. वर्गात हे आपण आकृती काढून पाठ करतो. इथे ते जुन्या, अरुंद तळघरात खरोखर बसवलेलं पाहिलं आणि ज्याने कुणी ते बसवलं त्याच्याबद्दल आदर वाटला.

मुख्य आचाऱ्यांना सगळे महाराज म्हणतात. साठीच्या जवळ आलेले, मोजकं बोलणारे. दुसऱ्या दिवशी मी त्यांना वहीतली डाळीची रेसिपी दाखवली, चार माणसांची, आणि सदतीस-अडतीसपटीने गुणलेलं प्रमाण. त्यांनी ती वाचली आणि म्हणाले, "ताई, तूरडाळ गुणा. मीठ, मिरची, तेल आणि पाणी गुणू नका." तेवढं बोलून ते कामाला लागले. पुढचे तीन दिवस वेळ मिळेल तेव्हा मी त्यांच्या टोपाजवळच उभी राहिले.

त्या टोपातली डाळ हा माझ्यासाठी या इंटर्नशिपचा सगळ्यात मोठा धडा होता, म्हणून जरा विस्ताराने सांगते. माणशी ३० ग्रॅम कच्ची डाळ धरली तर दीडशे ताटांना साडेचार किलो. माणशी १५० मिलीची एक वाटी, म्हणजे शिजून साडेबावीस लिटर वरण व्हायला हवं. घरी चार माणसांच्या डाळीत जेवढं पाणी वाफेने उडतं तेवढ्याच हिशेबाने इथे पाणी घातलं तर वरण पातळ होतं, कारण मोठ्या टोपात डाळीच्या मानाने उघडा पृष्ठभाग कमी असतो आणि पाणी कमी उडतं. फोडणीच्या तेलाचंही तसंच, गुणाकार केला तर वर तवंग येतो.

पण खरी गंमत मिठाची. डाळ हळद-हिंग घालून शिजते, मीठ न घालता. शिजली की महाराज मोठ्याने विचारतात, "बिनमिठाची किती?" ओट्यावरची मावशी डायट शीट बघून आकडा सांगते. समजा सव्वीस. सव्वीस वाट्यांची, म्हणजे चार लिटरच्या आसपास डाळ डावाने मोजून वेगळ्या टोपात काढतात. त्यातून मऊ आहारवाल्यांची पुन्हा वेगळी, त्यात तिखट नाही. मग उरलेल्या मोठ्या टोपात मीठ पडतं, एका वाटीला साधारण एक ग्रॅम, आणि सगळ्यात शेवटी फोडणी. एकाच डाळीतून तीन-चार पथ्यं निघतात, फक्त क्रम पाळायचा. क्रम एकदा चुकला आणि मीठ आधी पडलं, तर हृदयविकाराच्या आणि किडनीच्या रुग्णांसाठी डाळ नव्याने शिजवायची, आणि तेवढ्यात जेवणाची वेळ टळते. एक ग्रॅम मिठात साधारण ३९० मिलिग्रॅम सोडियम असतं हे मला परीक्षेपासून पाठ होतं. ते ३९० मिलिग्रॅम रुग्णाच्या वाटीत जाऊ नये म्हणून कुणीतरी साडेअकराच्या घाईत थांबून "किती?" असं विचारावं लागतं, हे मात्र मी त्या तळघरात शिकले.

बिनमिठाच्या वरणाला त्यांच्याकडे वेगळी फोडणीही होती: जिरं, आलं, कढीपत्ता, वर लिंबाची फोड. चव घेऊन पाहिली. मिठाशिवायही ते वरण खावंसं वाटत होतं.

भाताच्या बाबतीतही हे किचन काटेकोर आहे. एक किलो तांदळाचा अडीच ते तीन किलो भात होतो, म्हणून जास्त लावून ठेवण्याचा मोह मोठा असतो. पण शिजलेला भात कोमट राहिला तर त्यात बॅसिलस सेरिअस हा जिवाणू वाढतो, आणि त्याने तयार केलेलं विष भात पुन्हा गरम केला तरी जात नाही. त्यामुळे इथे दुपारचा भात रात्री वापरत नाहीत. गरम अन्न साठ अंशांच्या वर आणि थंड पाच अंशांच्या खाली, हा अन्नसुरक्षेचा नियम थर्मामीटर खुपसून तपासतात आणि आकडा वहीत लिहितात. वहीतले आकडे खरे होते. मी स्वतः पंधरा दिवस ते घेतले आहेत.

जैन जेवणाबद्दलही सांगायला हवं, कारण मुंबईच्या हॉस्पिटलात ते रोजचं काम आहे. कांदा, लसूण, बटाटा, गाजर काहीच नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण चौविहार पाळणाऱ्या रुग्णाचं रात्रीचं जेवण सूर्यास्ताच्या आत संपायला लागतं हे शीटवर कुठेच छापलेलं नसतं. मेमध्ये मुंबईत सूर्य सातच्या पुढेमागे मावळतो. दुपारच्या पाळीच्या आठवड्यात मी पाहिलं, पावणेसहाला चार-पाच ताटांची वेगळी ट्रॉली निघायची, बाकीची साडेसातला. हे कोणत्याही व्यवस्थापकाने ठरवलेलं नाही, ओट्यावरच्या मावशींनी सुरू केलं आणि चालू राहिलं.

आता लिफ्ट.

तळघरातून वॉर्डांकडे जायला एकच मोठी लिफ्ट आहे. तिच्यातूनच स्ट्रेचर, मळके कपडे, ऑक्सिजनचे सिलिंडर आणि जेवणाच्या ट्रॉल्या जातात. स्ट्रेचरला पहिला मान, आणि तो असायलाच हवा. पण जेवणासाठी ठरलेली अशी एकही वेळ लिफ्टला नाही. बारा वाजता भरलेली ट्रॉली कधी पाच मिनिटांत वर जाते, कधी अर्धा तास तळघरातच उभी राहते. एका दुपारी मी थर्मामीटर घेऊन ट्रॉलीबरोबर गेले. ओट्यावर डाळ ७६ अंश होती, पाचव्या मजल्यावर शेवटच्या खाटेशी ४७. इतक्या काळजीने शिजवलेलं वरण तिथे कोमट झालेलं होतं.

गार जेवण एवढाच प्रश्न असता तरी मी इतकं लांबवलं नसतं. मधुमेहाच्या अनेक रुग्णांना जेवणाआधी इन्सुलिन असतं. साधं रेग्युलर इन्सुलिन असेल तर जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी देतात. सिस्टर घड्याळ बघून सव्वाबाराला इंजेक्शन देते, कारण ताट पावणेएकला येणार असं गृहीत असतं. तिसऱ्या आठवड्यात एका दिवशी ताट सव्वाला आलं. एक काका घामाने डबडबले होते, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. सिस्टरने लगेच साखर तपासली, ग्लुकोजचं पाणी दिलं, दहा-पंधरा मिनिटांत ते सावरले. मी दारात ताट धरून उभी होते. त्या दिवशी घरी जाताना लोकलमध्ये मला बसायला जागा मिळाली तरी डोळा लागला नाही.

मी हे डायट विभागाच्या मॅडमना लेखी दिलं, वेळांच्या नोंदींसकट. त्यांनी वाचलं आणि पुढे पाठवलं, इतकं मला माहीत आहे. इन्सुलिनच्या रुग्णांची ताटं पहिल्या ट्रॉलीत लावायची, एवढा बदल किचनने आपल्या पातळीवर दुसऱ्याच दिवशी केला. लिफ्टची वेळ मात्र मी निघेपर्यंत ठरली नव्हती. ही माझी या जागेबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार आहे.

चौथा आठवडा उरलेल्या अन्नाचा. परत आलेली ताटं वजन करून, कोणत्या पदार्थाचं किती उरलं ते लिहायचं. काम किळसवाणं वाटेल, पण ते टाळू नका. पहिल्या दोन दिवसांतच दिसलं की दुधीची भाजी सगळ्यात जास्त परत येते. ते अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हतं ते असं की ज्वारीची भाकरीही बरीच परत येत होती, आणि तीही म्हाताऱ्या रुग्णांकडून, ज्यांनी आदल्या दिवशी स्वतःहून भाकरी मागून घेतली होती.

मग मी तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजींच्या खाटेशी जाऊन उभी राहिले. साताऱ्याकडच्या, ऐंशीच्या घरातल्या. उजव्या हाताला सलाईन, मनगटाखाली लाकडी पट्टी बांधलेली. समोर ताट, त्यावर घट्ट झाकण, वाट्यांवर चिकटपट्टीसारखा ताणून लावलेला प्लास्टिकचा कागद. आजींनी डाव्या हाताच्या नखाने कागदाची कड शोधली. सापडली नाही. पुन्हा शोधली. मग भाकरी उचलली आणि एका हाताने तुकडा मोडायचा प्रयत्न केला. भाकरी एका हाताने मोडत नाही, तुम्ही करून बघा. ती ताटातून घसरून चादरीवर पडली. आजींनी उचलून पुन्हा ताटात ठेवली, झाकण वर सरकवलं आणि मला म्हणाल्या, "ने बाई, भूक न्हाई आज."

शीटवर त्यांच्या नावापुढे कॅलरी आणि प्रथिनं बरोबर लिहिलेली होती. प्रथिनं वजनाच्या हिशेबाने, किलोमागे ग्रॅमात. सगळं बरोबर होतं, आणि आजींच्या पोटात त्यातलं काहीच गेलेलं नव्हतं. सोबत आलेली सून कामावर गेली होती, सिस्टरकडे एका वेळी बारा रुग्ण होते, वॉर्डातले मदतनीस मामा पुढच्या खोलीत ताटं लावत होते. यात कुणाची चूक काढणार?

मी कागद काढला, भाकरी डाळीत कुस्करली आणि चमचा त्यांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी सगळं संपवलं. दुसऱ्या दिवसापासून मी ताटाच्या कार्डावर पेन्सिलीने लिहायला लागले, "उजव्या हाताला सलाईन". ते वाचून किचनमधून भाकरी कुस्करूनच जायची, वाटीवर कागदाऐवजी सैल झाकण, आणि चमचा डाव्या बाजूला. आधी मावशी म्हणाल्या, "पोरी, हे वाढीव काम झालं की." दोन दिवसांनी त्याच विचारायला लागल्या, "आज सलाईनवाले किती?" अगदी महाराजांच्या सुरात. त्या आठवड्यात भाकरी परत येणं कमी झालं. हा माझा अभ्यास नव्हे, एका मजल्यावरची माझ्या वहीतली नोंद आहे, पण मला तिचं मोल वाटतं.

किडनीच्या रुग्णांबद्दल एक गोष्ट सांगते. त्यांची भाजी इथे फार मनापासून करतात. साल काढून पातळ चिरायची, भरपूर कोमट पाण्यात भिजवायची, ते पाणी टाकायचं, मग नव्या भरपूर पाण्यात उकडून तेही टाकायचं. त्याने या रुग्णांना मर्यादेतच चालणारं पोटॅशियम बरंच कमी होतं, सगळं जात नाही. एका भाजीसाठी दोन तास जातात. आणि हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर शहाळेवाला उभा. भेटायला येणारा प्रत्येक नातेवाईक शहाळं घेऊन वर येतो, कारण आपल्याकडे आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने जात नाहीत. ज्या रुग्णाला दिवसाला दोन हजार मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियमची मर्यादा असते, त्याच्या एका शहाळ्यातच पाचशेच्या घरात किंवा जास्त जाऊ शकतं. एका घरच्यांनी तर "बीपीवाल्यांचं मीठ" म्हणून कमी सोडियमचं मीठ पुडीत आणलं होतं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराईड असतं, म्हणजे किडनीच्या रुग्णाला ते साध्या मिठापेक्षा घातक. मॅडमच्या परवानगीने मी मराठी आणि हिंदीत एक पान लिहिलं आणि त्या वॉर्डाच्या दारावर लावलं. शहाळ्याचं चित्र काढून त्यावर फुली मारली. माझं चित्र चांगलं नाही, पण लोक थांबून बघत होते.

चूक माझ्याकडूनही झाली. एकाच मजल्यावर एकाच आडनावाचे दोन रुग्ण होते, खाट १२ आणि खाट २१. मी १२ नंबरच्या मधुमेहाच्या काकांपुढे दुसऱ्यांचा शिरा ठेवला. मावशींनी ताट उचललं आणि मला बाहेर नेऊन शांतपणे सांगितलं, "नाव विचारायचं, आडनाव नाही. आणि हातातला पट्टा बघायचा." त्या ओरडल्या नाहीत, वरही सांगितलं नाही. मी स्वतः मॅडमना सांगितलं. त्यानंतर पूर्ण नाव आणि पट्ट्यावरचा नंबर जुळल्याशिवाय मी एकही ताट ठेवलं नाही.

फीडच्या खोलीबद्दल एवढंच की ती उत्तम आहे. दर दोन तासांनी २०० मिली, प्रत्येक बाटलीवर नाव, वेळ, प्रमाण. मिश्रण दोनदा गाळलेलं, नाहीतर नळी तुंबते. ठरलेल्या वेळेच्या पुढचं फीड ओतून देतात, कुणी वाचवत बसत नाही.

शिकवण्याबद्दल मात्र मी नाराज आहे. पहिले आठ दिवस मला नेमून दिलेलं काम एकच, डायट शीट एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवणं. फी भरून आलेल्या मुलीला आठ दिवस नकलनवीस करणं बरोबर नाही. डायटिशियनबरोबर वॉर्डात राउंडला जायला सहा आठवड्यांत मला जेमतेम चार वेळा मिळालं, तेही मी मागून घेतलं म्हणून. मॅडम वाईट नाहीत. दीडशे रुग्णांमागे दोनच डायटिशियन असतील तर त्या इंटर्नला कधी शिकवणार? मग इंटर्न घेताना तेवढी संख्या तरी मर्यादित ठेवावी. आम्ही पाच जणी होतो. कपडे बदलायच्या खोलीच्या दाराची कडी सहाही आठवडे मोडलेलीच होती. एक जण आत गेली की दुसरी बाहेर उभी राहायची.

तुम्ही जाणार असाल तर अर्ज फेब्रुवारीत द्या, एप्रिलमध्ये जागा राहत नाही. मागून बंद, तळवे न घसरणारे बूट आधीच घ्या, ओट्याजवळची फरशी सतत ओली असते. नखं, मेंदी, बांगड्या काही चालत नाही. साखरपुडा झालेल्या एकीला अंगठी काढून ठेवावी लागली, तिला वाईट वाटलं, पण नियम योग्यच आहे. मुलाखतीला गेलात की दोन गोष्टी विचारून घ्या: राउंडला किती वेळा नेणार, आणि जेवणाची ट्रॉली कोणत्या लिफ्टने जाते. भारतीय खाद्यपदार्थांचे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते फोनमध्ये ठेवा, ५२८ पदार्थांची माहिती आहे त्यात, मला रोज लागायचे. आणि एक पेन्सिल, कार्डावर लिहायला.

शेवटच्या दिवशी साडेअकराला महाराजांनी डाव माझ्या हातात दिला आणि स्वतः बाजूला झाले. मी मोठ्याने विचारलं, "बिनमिठाची किती?" मावशी म्हणाल्या, "एकतीस." एकतीस वाट्या मोजून काढल्या, मऊ आहारवाल्यांची वेगळी काढली, मग मीठ घातलं, ढवळलं, फोडणी दिली. महाराजांनी आधी बिनमिठाच्या टोपातली चव घेतली, मग मोठ्या टोपातली. म्हणाले, "लिफ्ट आलीय, आधी इन्सुलिनवाल्यांची ट्रॉली भर."